फ्रिजमधून काढून अर्धा तास थांब

मेखेलेन, बेल्जियम
१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

पत्रासोबत बिअरच्या दोन बाटल्या येतील. दोन्ही गडद, दोन्ही कडक आणि दोन्हींत मसाल्याची चव, पण ती वेगवेगळ्या वाटेनं आलेली. एक रॉशफोर १०, नामूर प्रांतातल्या त्रापिस्त (कॅथलिक संन्याशांचा एक पंथ) मठात बनणारी, ११.३ टक्के अल्कोहोलची. दुसरी गौडन कॅरोलस ख्रिसमस, इथल्याच हेट आन्कर ब्रुअरीची, १०.५ टक्के. नेहमीच्या बिअरसारख्या गारढोण करून घेतल्या तर दोन्ही वाया जातील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आल्या आल्या उघडू नका. बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात. बंद बाटलीत बिअर पुन्हा आंबते आणि त्यातूनच फसफस येते. त्यामुळे तळाशी गाळ असणारच, तो दोष नाही. पण प्रवासात तो सगळा वर मिसळतो. तीन दिवस बाटल्या उभ्या ठेवा, म्हणजे खाली बसेल. हललेली आणि कोमट बाटली उघडली तर अर्धी बिअर फेसातच जाते. नाशिकच्या थंडीत आतल्या खोलीत, फरशीवर, अंधारात ठेवल्या तरी चालतील. ऊन मात्र लागू देऊ नका. उजेडानं हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या फुलांमधला कडू अंश बिघडतो आणि बिअरला उग्र, गंधकासारखा वास येतो. तपकिरी काच उजेड बराच अडवते, पूर्ण नाही. आणि उन्हाळ्यापर्यंत ठेवायचीच असेल तर फ्रिजमध्येच. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात बाहेर राहिली तर तिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास लागतो, आणि तो लागला की परत जात नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. पिण्याचं तापमान १२ ते १४ अंश. फ्रिजमधून काढली की तीस-चाळीस मिनिटं तशीच टेबलावर राहू दे. चार अंशांवर फक्त गोडवा आणि फसफस कळते, वास झाकलेला असतो. ग्लास रुंद पोटाचा हवा. घरातला वाइनचा किंवा ब्रँडीचा चालेल, स्टीलचा पेला नको. ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस दोन मिनिटांत मरतो, म्हणून आधी गार पाण्यानं खळखळून घे. ग्लास तिरपा धरून हळू ओत, शेवटी सरळ कर, वर दोन बोटं फेस यायला हवा. तळाची बोटभर बिअर बाटलीतच ठेव. ती प्यायली तर अपाय काही नाही, पण ब्रेडच्या पिठासारखी यीस्टची चव बाकी सगळ्यावर बसते.

कडक असलेली शेवटी घ्यावी असा साधा नियम आहे, तरी रॉशफोर आधी उघड. कॅरोलसमधला बडीशेपेच्या जातीचा सुगंध लक्षात इतका राहतो की तिच्यानंतर रॉशफोरचं बारीक काम कळतच नाही.

रॉशफोरचा रंग उजेडासमोर धरल्यावर महोगनी, एरवी जवळपास काळा. पहिला वास काळ्या मनुकांचा आणि सुक्या अंजिराचा, मग पावाच्या करपू न दिलेल्या खरपूस कडेचा. पाच-सात मिनिटांनी ग्लास तापला की डार्क चॉकलेट आणि मिरी. घोट गोड सुरू होतो आणि कोरडा संपतो, हे मला तिचं खरं कसब वाटतं. इतकी कडक बिअर पाकासारखी चिकट लागायला हवी. लागत नाही, कारण ताकदीचा एक भाग साखरेतून येतो आणि साधी साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागे जडपणा उरत नाही. गडद साखरेचा पाक रंग आणि खारकेसारखी चव देतो. आपली काकवी तिच्या जवळची, फक्त काकवीत मातकट, खनिजी छटा जास्त. भाजून काळं केलेलं धान्य मुख्य नसल्यामुळे स्टाउट या काळ्या बिअरसारखा कॉफीचा कडवटपणा इथे शोधू नकोस.

आणि लवंग? ती कुणी घातलेली नाही. बेल्जियन यीस्ट आंबवताना ४-व्हिनाइल ग्वायकॉल नावाचं द्रव्य तयार करतं. लवंगेतल्या युजेनॉलचं ते रासायनिक भावंड, म्हणून नाक फसतं. रॉशफोरमध्ये खरोखर घातलेला मसाला म्हणजे चिमूटभर धणे, तेही वेगळे ओळखू येणार नाहीत इतके. (भारतीय धणे लांबट आणि जास्त लिंबाळ असतात, युरोपातले गोल आणि जरा शांत.)

कॅरोलस ख्रिसमस याच्या उलट. तिच्यात सहा प्रकारच्या वनस्पती आणि मसाले सांगूनसवरून घातलेले असतात. ऑगस्टमध्ये बनवतात आणि नाताळापर्यंत मुरू देतात. उघडताच ज्येष्ठमध आणि बडीशेप, मागून कॅरमल आणि मनुका, शेवटी छातीत ऊब. रॉशफोरपेक्षा गोड आणि उघड बोलणारी. माझा कौल रॉशफोरला, पण वहिनींना बहुधा हीच आवडेल.

मसाल्याची बिअर बिघडते ती बहुतेक वेळा हातानं. वास उडून जाऊ नये म्हणून मसाला उकळीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकतात. घरगुती वीस लिटरला दहा-पंधरा ग्रॅम ताजे भरडलेले धणे पुष्कळ होतात. जास्त झाले की साबणासारखी चव. दालचिनी-जायफळ वाढलं की तुरटपणा घशात बसतो. गोड्या मसाल्याच्या आमटीत दगडफूल वेगळं कळलं तर ती चुकली म्हणतो ना, तसंच हे. आंबवण फार गरम झालं तर नेलपॉलिशसारखा झोंबरा वास येतो, आणि दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास आला तर बाटलीत परका जंतू शिरलाय. असं काही आढळलं तर सरळ ओतून दे, चवीची सवय होईल म्हणून थांबू नकोस.

सोबत तिखट काही नको. अल्कोहोल आणि फसफस मिळून मिरचीची आग आणखी भडकवतात, तेव्हा मटणाचा रस्सा त्या रात्री नको. भाजलेले अक्रोड, जुनं गौडा चीज, सत्तर टक्क्यांचं चॉकलेट उत्तम. पेढे किंवा पुरणपोळी घेऊ नका. खाणं बिअरपेक्षा गोड झालं की बिअर आंबट-कडू वाटू लागते.

एक हिशोब लक्षात ठेव. रॉशफोरच्या ३३० मिलीत सुमारे ३७ मिली शुद्ध अल्कोहोल आहे, म्हणजे व्हिस्कीच्या जवळजवळ दीड लार्ज पेगइतकं. चव गोडसर असल्यानं ते पिताना जाणवत नाही. एक बाटली दोघांत, तासभर लावून, आणि त्यानंतर गाडी चालवणं नाही. दुसरी दुसऱ्या दिवशी.

कॅरोलसमध्ये आधी काय लागलं, बडीशेप की ज्येष्ठमध, ते दोघांनी वेगवेगळं लिहून ठेवा आणि मगच एकमेकांना सांगा. मला कळवायला विसरू नका. आईला नमस्कार.

तुझा,
धाकटा भाऊ