फॉर्मवर रकानाच नव्हता, साहेब

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

पोळ्याआधीच्या सभेत आपण म्हणाला होतात, "पुरुषांचीही कॅन्सर तपासणी गावातच करू." मीही टाळ्या वाजवल्या होत्या. परवा तपासणीची गाडी आली. बीपी पाहिलं, शुगर पाहिली, तोंडात टॉर्च मारला. मी म्हटलं, ताई, बाप प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेला, थोरला भाऊ त्याच दुखण्यानं खाटेवर आहे, माझं वय 52, माझं रक्त तपासा. तिनं टॅबवर बोट फिरवलं. "काकाजी, यात तोंड, स्तन अन् गर्भाशयाचं तोंड एवढंच आहे." पोरीची काय चूक? राष्ट्रीय कार्यक्रमातच हे तीन कॅन्सर धरलेत. पुरुषाच्या वाट्याला तोंड, तेही उघडलं की तुम्हाला राग येतो.

भाऊ दोन वर्षं रात्री पाच-पाचदा उठायचा. गोठ्याच्या भिंतीशी किती वेळ उभा राहायचा. मला पडल्या पडल्या ऐकू यायचं, थेंब थेंब. वय झालं, म्हणालो आम्ही. गावच्या डॉक्टरनं मुतखड्याच्या गोळ्या दिल्या. मग कंबर धरली, तर म्हणे शेतातल्या डवरणीनं. नागपूरला नेलं तेव्हा पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेटचा आकडा, 312. साधारण 4 च्या आत असावा लागतो. कॅन्सर हाडांत उतरला होता. कॅन्सरला पोसणारं पुरुषी हार्मोन तोडायला दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन करून अंडकोष काढायचे, असं सांगितलं. दीडशे किलोमीटर येणं-जाणं, सोबतच्या माणसाची मजुरी बुडणार. भाऊ म्हणाला, काढून टाका. घरी आल्यावर तीन दिवस वहिनीशी बोलला नाही. मराठीत प्रोस्टेटला पौरुषग्रंथी म्हणतात म्हणे. बरं झालं, गावात तो शब्द कोणाला माहीत नाही.

मोठे डॉक्टर सांगतात, सरसकट पीएसए नको. वयानं ग्रंथी वाढली, जंतुसंसर्ग झाला, तरी आकडा चढतो अन् विनाकारण बायोप्सी होते, सुईनं तुकडा काढतात. मान्य. पण बापाला किंवा सख्ख्या भावाला असला की धोका दुपटीहून जास्त, हेही तेच सांगतात. मग निदान अशांना तरी पंचेचाळिशीनंतर समजावून, विचारून तपासा ना! आमच्या गावात पन्नाशीवरचे दीडशे तरी पुरुष असतील. मी मोजले नाहीत. तुम्ही तरी कुठे मोजलेत?

मतदानाचं मशीन वाहत्या नाल्यातून डोक्यावर आणता. रक्ताची एक बाटली तालुक्यापर्यंत नेता येत नाही? कापसाच्या भावाचं तर बोलतच नाही, ते पत्र वेगळं लिहीन. वेचणीच्या मजुरीला ठेवलेल्यातले 800 रुपये काढून मी खाजगी लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट सोमवारी आहे.

शिबिराचा फ्लेक्स मात्र चांगला जाड निघाला. भाऊच्या खाटेवर दुपारी ऊन येतं, तिथे बांधलाय. आपला चेहरा आतल्या बाजूला आला आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा