लेबर रूममधल्या रात्रपाळीच्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,

डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर एक फॉर्म भरून घेतला. स्वच्छता कशी, जेवण कसं, कर्मचाऱ्यांची वागणूक कशी, टिक करा. मला जे लिहायचं होतं त्याला त्यात चौकट नव्हती. म्हणून हे असं उघड पत्र.

धाकट्या बहिणीला बाळंतपणासाठी कासारवडवलीहून घेऊन आलो ती वेळ अडनिडी होती. घोडबंदर रोडवर आमची रिक्षा आणि कंटेनर, एवढंच. सोबतीला घरची एक बाई आत थांबू शकते हे तुम्ही आपणहून सांगितलंत. लेबर रूम सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ही सोय धरलेली आहे, पण मागितल्याशिवाय कोण देतं? मी आत होते, म्हणूनच पुढचं पाहिलं.

बाळ रडलं, वजन झालं, मी फोटो काढण्यात गुंग. लेबर रूममधल्या आया मावशी धाकटीखालचं कापड बदलत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “सिस्टर, हेपण भिजलं. आत्ताच तर बदललं होतं.” कुणी म्हणालं असतं, होतंच थोडंफार, तुमचं काम करा. तुम्ही हातातली फाइल खाली ठेवून आलात, धाकटीचं पोट चाचपलंत आणि तिथूनच हाक दिलीत, “गर्भाशय सैल आहे, ब्लीडिंग जास्त आहे. मॅडमना बोलवा.” एक हात पोटावर चोळत होतातच.

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त जातं. बाळंतपणानंतर ते आवळलं नाही तर उघड्या रक्तवाहिन्या मिटत नाहीत. हे मला नंतर कळलं, तेव्हा हातपाय गार पडले. त्या वेळी मात्र मी घाबरले नाही, कारण त्या खोलीत कुणी ओरडतच नव्हतं.

“कोणीतरी रक्तपेढीला फोन करा” असं तुम्ही म्हणाला नाहीत. ज्याला सांगायचं त्याचं नाव घेऊन सांगितलंत, आणि तो “करतो” म्हणेपर्यंत नजर हलवली नाहीत. शिकाऊ मुलीला घड्याळाखाली वही देऊन उभं केलंत. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड एक ग्रॅम, शिरेतून, सावकाश.” रक्तस्राव रोखायचं औषध ते. तुम्ही तेच शब्द पुन्हा मोठ्याने म्हणालात, मगच इंजेक्शन भरलंत. देऊन झाल्यावर “दिलं”, आणि त्या मुलीने वेळ टिपली. मी बँकेत आहे. आमच्याकडे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून पास करायची हा नियम आहे, तरी गर्दीच्या दिवशी आम्ही न बघता पास करून मोकळे होतो. तुम्ही त्या घाईतही तसं एकदासुद्धा केलं नाहीत.

भिजलेली कापडं मावशींनी फेकली नाहीत, काट्यावर ठेवली. कोरड्या कापडाचं वजन वजा केलं की ग्रॅमला साधारण एक मिली रक्त, असा हिशोब. नुसत्या नजरेने अंदाज बांधला तर तो बहुतेक वेळा कमीच निघतो म्हणे. 500 मिलीची, म्हणजे रक्तस्राव जास्त धरायची, रेघ ओलांडली तेव्हा मावशींनीच आकडा सांगितला, आणि मॅडमनी मान वर करून “थँक यू, मावशी” म्हटलं. हे मी कधीच विसरणार नाही.

मधेच तुम्ही माझ्याकडे वळून दोन वाक्यं बोललात: काय झालंय आणि आम्ही काय करतोय. “काळजी करू नका” म्हणाला नाहीत, याचे वेगळे आभार. तेवढ्या दोन वाक्यांवर मी बाहेर आईला नीट सांगू शकले.

सकाळी ड्युटी बदलताना तुमचे डोळे मिटत होते. तरी रजिस्टर टेबलावर ठेवून गेला नाहीत. पुढच्या सिस्टरांना खाटेपाशी आणून किती रक्त गेलं, काय काय दिलं, दर किती वेळाने पोट तपासायचं, सगळं धाकटीच्या देखत सांगितलंत. वर तिलाच विचारलंत, “माझ्याकडून काही राहिलं का गं?” ती म्हणाली, चक्कर आल्यासारखं वाटतंय. लगेच तेही लिहिलं गेलं.

या पत्राची एक प्रत मेट्रन मॅडमकडे देते आहे. त्यात मावशींचं नाव तुमच्या नावाशेजारीच लिहिलंय. त्या कंत्राटावर आहेत असं कळलं, म्हणून मुद्दाम.

धाकटी आता बरी आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, डिंकाच्या लाडवांना मात्र नाक मुरडते. बारशाची तारीख अजून धरलेली नाही. तुमची आणि मावशींची सुट्टी एकाच दिवशी कधी येते तेवढं कळवा.

तुमची,
बाळाची मावशी
कासारवडवली, ठाणे