डोकेदुखीच्या तपासणीत जबडाही येऊ द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला डोकेदुखीवरचा लेख वाचला. ऊन, पित्त, चष्म्याचा नंबर, अपुरी झोप, रक्तदाब, अर्धशिशी, सगळं त्यात होतं. जबडा तेवढा नव्हता. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण दवाखान्यातही तो राहूनच जातो. म्हणून हे पत्र.

मी अशोक चौकाच्या बाजूला राहते आणि शाळेच्या गणवेशांचं काम घरी आणून शिवते. आमचा खरा हंगाम मार्च ते जून. जूनच्या मध्याला शाळा उघडायच्या आत माल जायला हवा, आणि नेमक्या त्याच दिवसांत सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कुणाचं डोकं दुखलं की आमच्या गल्लीत निदान तयार असतं: ऊन लागलं. सब्जा पी, पन्हं पी, दुपारी बाहेर पडू नकोस. अहो, पण मी दिवसभर पंख्याखाली मशीनवरच असायचे. दुखायचं ते सकाळी उठतानाच, दोन्ही कानशिलांत, कुणी पट्टा आवळावा तसं. श्रावणात पाऊस पडत असतानाही दुखायचं. चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसचा एक्स-रे झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या.

कारण सापडलं ते दाढ किडली म्हणून दंतवैद्याकडे गेल्यावर. डॉक्टर मॅडमनी दाढ बघायच्या आधी माझ्या दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवली आणि सावकाश तोंड उघडायला-मिटायला सांगितलं. डाव्या बाजूला कट् असा आवाज आला. मग त्यांनी गालाच्या मागच्या भागावर आणि कानशिलावर दाबलं, तशी मी एकदम म्हणाले, ‘हेच! हेच रोज दुखतं.’ त्यांनी विचारलं, दोरा कशानं तोडता? कात्री मांडीजवळच असते, पण हात कामात असले की दोरा दातानं तुटतो. टाचण्या दातांत धरायच्या, आणि कॉलरचं वळण आलं की दातावर दात घट्ट. आमच्यातल्या दहाजणींना विचारा, बहुतेकजणी हेच सांगतील.

त्यांनी समजावलं ते मला पटलं, कारण ते बोटांना कळतं. वाचकांनी आत्ता करून बघावं: दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवा आणि दाढा आवळा. बोटांखाली काहीतरी फुगतं ना? तो चावण्याचा स्नायू. पंख्यासारखा डोक्याच्या बाजूला पसरलेला असतो आणि खाली जबड्याच्या हाडाला जोडलेला असतो. रात्री झोपेत दात खाल्ले किंवा दिवसभर आवळून ठेवले, तर तो थकतो, आणि तो जिथे आहे तिथे आपण ‘डोकं’ म्हणतो. शिवाय जबड्याचा सांधा, दात, चेहरा आणि मेंदूवरचं आवरण या सगळ्यांच्या वेदना एकाच मोठ्या नसेतून मेंदूकडे जातात. त्यामुळे दुखणं निघतं एकीकडून आणि जाणवतं दुसरीकडे. मशीनवर बसणाऱ्याला हे लगेच कळेल: खोट बॉबिनच्या ताणात असते आणि गुंता वरच्या बाजूला दिसत असतो.

हा काही एका डॉक्टरचा तर्क नाही. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जबड्याच्या सांध्याच्या विकारामुळे होणारी डोकेदुखी हा स्वतंत्र प्रकार आहे. ओळखायची खूणही साधी आहे. दुखणं कानशिलाच्या भागात असतं, चावताना, जांभई देताना किंवा दात आवळल्यावर कमी-जास्त होतं, आणि त्या स्नायूवर दाबलं की नेहमीचंच दुखणं जागं होतं. हे कळायला बोटं पुरतात, त्यासाठी लगेच स्कॅन लागत नाही. तोंड किती उघडतं तेही बघतात. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये सहज मावली तर ठीक. आणि नुसता कट् आवाज येत असेल, दुखत नसेल, तोंड अडकत नसेल, तर घाबरायचं कारण नाही, त्याला उपचार लागत नाहीत. असा आवाज पुष्कळांना येतो.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर उद्या सगळं सोलापूर जबडा धरून बसेल. प्रत्येक डोकेदुखी जबड्याची नसते. अर्धशिशी असणाऱ्यालाही जबड्यात दुखू शकतं आणि दोन्ही एकत्र नांदू शकतात. गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं, तिखट झोंबायला लागलं, तर तो सांध्याचा प्रश्न समजू नये. तोंडाच्या आतलं आवरण कडक होत चाललेलं असतं आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण आमच्या भागात पुड्या कुठे मिळतात ते लहान पोरालाही माहीत आहे. आणि पन्नाशीनंतर नव्यानेच डोकं दुखू लागलं, घास चावताना जबडा भरून येतोय, नजर अंधूक होतेय, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. रक्तवाहिनीच्या सुजेमुळे असं होऊ शकतं आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

गोळ्यांबद्दल थोडं. मेडिकलमधून गोळी आणायची आणि मशीनवर बसायचं, हा आमच्याकडचा सर्रास उपाय. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. माझ्या शेजारणीचं तसंच झालं होतं.

उपचार मात्र स्वस्त निघाले. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. घास चावताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायलाच नकोत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मशीनच्या दिव्यावर मी टिकली चिकटवली आहे. ती दिसली की दात सोडायचे. रात्री गालाला आणि कानशिलाला गरम कपड्याचा शेक. दुखणं जोरात असताना मऊ खायचं, म्हणजे हुरडा, ऊस, चिक्की बंद. कडक भाकरी सोडायची का, असं मी रडवेल्या तोंडानं विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, आमटीत चुरा आणि भिजू द्या. तशीही ती तशीच खायची असते की हो! जबड्याचे आणि मानेचे व्यायाम फिजिओथेरपिस्टनं शिकवले. काही आठवड्यांत सकाळचं आवळणं कमी झालं. आजही माल द्यायची घाई आली की ते डोकं वर काढतं, पण कशामुळे ते आता माहीत आहे.

मधल्या काळात एका दवाखान्यात मला दाढा घासून, सगळ्यांवर कॅप बसवून ‘चाव’ सरळ करायचा सल्ला मिळाला होता. आकडा ऐकून मी उठले. माझी भाची फिजिओथेरपी शिकते, तिनं नंतर मला दाखवलं: ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर २०२३ मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना आल्या आहेत. शिकवून करून घेतलेले व्यायाम, हातानं स्नायू मोकळे करणं, ताण हाताळायला शिकवणारं समुपदेशन, यांच्या बाजूनं त्यात ठाम शिफारस आहे. दातांवर घालायच्या साध्या, काढता येणाऱ्या पट्टीलाही त्यांनी फारसा कौल दिलेला नाही, तर कायमचे बदल करणाऱ्या पट्ट्यांना स्पष्ट विरोध केला आहे. ज्यात परत फिरता येत नाही असा खर्च करण्याआधी वाचकांनी दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्यावं.

माझी मागणी छोटी आहे. आमच्या भागात शिवणकाम करणाऱ्या आणि विडी वळणाऱ्या बायकांसाठी डोळ्यांची शिबिरं होतात, बायका रांग लावून येतात, आणि ‘डोकं दुखतं’ हे तिथे पहिलं वाक्य असतं. तिथेच एक दंतवैद्य किंवा फिजिओथेरपिस्ट बसवावा. चावताना दुखतं का, सकाळी जबडा जड असतो का, दोरा दातानं तोडता का, एवढं विचारायला आणि कानशिलावर दोन बोटं ठेवायला फार वेळ लागत नाही. सिव्हिलमध्येही डोकेदुखीच्या केसपेपरवर हा प्रश्न यायला हवा. पुरवणीत पुढचा लेख यावर दिलात, तर मी तो कापून आमच्या कटिंगच्या टेबलाजवळ लावीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
गणवेश शिवणारी एक वाचक,
अशोक चौक परिसर, सोलापूर