डाळिंबाची पेटी पाठवतोय

सांगोला,
२२ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. टायफॉइड जाऊन महिना झाला तरी पोट थाऱ्यावर येत नाही, हे वाचून जिवाला लागलं. त्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करू का, असं विचारलंयस. माझं म्हणणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. त्याऐवजी डाळिंबाची पेटी पाठवतोय. हस्त बहाराची तोड कालच सुरू झाली, भगवा वाण यंदा छान रंगलाय.

माझाही इतकी वर्षं असाच समज होता की अँटिऑक्सिडंट पोटात गेलं की थेट रक्तात उतरतं आणि पेशींची झीज थांबवतं. डाळिंबाची गोष्ट वेगळी आहे. त्यातलं मुख्य अँटिऑक्सिडंट, प्युनिकॅलाजिन, हा एवढा मोठा रेणू आहे की लहान आतड्यात तो जसाच्या तसा शोषलाच जात नाही. त्याचं एलॅजिक आम्ल होतं, त्यातलंही बरंचसं मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं आणि तिथले जिवाणू त्यापासून युरोलिथिन बनवतात. हे युरोलिथिन मात्र सहज रक्तात जातं. गंमत अशी की तेच डाळिंब खाऊन एकाच्या पोटात ते भरपूर बनतं, दुसऱ्याच्या पोटात बनतच नाही. ज्याचे त्याचे जिवाणू!

आणि तुझे जिवाणू नेमके अँटिबायोटिकने झोडपलेत. टायफॉइडला ते घ्यावंच लागतं, त्याला इलाज नव्हता. पण आपण खाल्लेला चोथा आंबवून जे जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, तेही त्यात मरतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवर जगतात आणि ते जाळताना ऑक्सिजन वापरून टाकतात. ते कमी पडलं की ऑक्सिजन आतड्याच्या पोकळीत झिरपतो आणि नको त्या जिवाणूंचं फावतं. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलंय. म्हणून मला वाटतं, तुझ्या पोटाला आधी चोथा हवा, आणि फळाच्या दाण्यात तो रंगासकट येतो. गोळीत कुठला?

गोळ्यांची मला धास्ती वाटते ती फिनलंडमधल्या एका चाचणीमुळे. धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर ती झाली, निकाल १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. तुझी बिडी सुटली का रे? सुटली नसेल तर ती गोळ्यांची बाटली आजच परत कर.

आमची आजी डाळिंबाची साल वाळवून डब्यात ठेवायची. हगवण लागली की उकळून पाजायची. तो तुरटपणा अजून जिभेवर आहे. प्युनिकॅलाजिन सगळ्यात जास्त त्या सालीतच असतं. तू काढा करत बसू नकोस, पण दाण्यांना चिकटलेला पांढरा पापुद्रा फार सोलत बसू नकोस. रस काढून गाळू नकोस, दाणे चावून खा. पहिले चार दिवस मूठभरच. जोडीला मऊ भाकरी आणि ताजं ताक. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यावर लगेच चहा पिऊ नकोस. चहातली पॉलिफेनॉलं, म्हणजे तुरट द्रव्यं, लोह अडवतात.

पेटी मंगळवारच्या गाडीने येईल. वर दोन कच्ची ठेवलीत, ती काकूंना चटणीसाठी. वहिनींना नमस्कार सांग, आणि पोट कसं आहे ते आठवड्याने नक्की कळव.

तुझा,
बाळू