‘अजून ठरायचं आहे’ हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्यमनगरात मी एकेचाळीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. फौंड्रीत ओतकामाआधी लाकडाचा जो नमुना लागतो, तो करायचं काम. आपला अंक वडिलांच्या काळापासून घरी येतो. त्या हक्कानं हे पत्र लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्यावं.

माझ्या टेबलाच्या काचेखाली आपल्या अंकातलं मार्च २०२५ मधलं एक कात्रण आहे. आठ-दहा ओळींची चौकट आणि वर मथळा, की आइन्स्टाइन खोटा ठरला. मजकुरात अमेरिकेतल्या दुर्बिणीचा उल्लेख, शास्त्रज्ञ चक्रावल्याचं एक वाक्य, आणि बातमी संपली. काय मोजलं, कशानं मोजलं, किती खात्रीनं मोजलं, याबद्दल अवाक्षर नाही. मला चैन पडेना. नातीच्या मोबाइलवर व्याख्यानं ऐकली, दोन प्राध्यापकांना गाठून विचारलं. जे कळलं ते त्या मथळ्यापेक्षा शंभर पटींनी सुंदर होतं. आणि मथळा चुकीचा होता.

आमच्या धंद्यात एक वेगळी पट्टी असते, श्रिंकेज स्केल. बिडाचं ओतीव गार होताना आकसतं, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. म्हणून आमची पट्टी मुळातच तेवढी मोठी आखलेली. तिच्यावरचा एक मीटर म्हणजे खरे १०१० मिलिमीटर. नवं पोरगं कामाला लागलं की ती साध्या पट्टीला लावून बघतं आणि म्हणतं, मिस्त्री, ही चुकीची छापलीय. चुकीची नसते, ती कशासाठी आहे ते त्याला अजून कळलेलं नसतं.

विश्वातही अशी एक पट्टी आहे. विश्व अगदी कोवळं आणि तापलेलं असताना त्या रसातून ध्वनीच्या लाटा पसरत होत्या. सुमारे ३,८०,००० वर्षांनी ते पुरेसं निवलं आणि लाटा जिथे पोहोचल्या होत्या तिथेच थिजल्या. त्या लाटांचा ठसा आजही दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, मांडणीत दिसतो. एका दीर्घिकेपासून सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवर दुसरी सापडण्याची शक्यता किंचित जास्त असते. ही झाली पट्टी. विश्व प्रसरण पावतं तशी तीही ताणत जाते. जितकं लांब बघावं तितका जुना काळ दिसतो, त्यामुळे वेगवेगळ्या अंतरांवर ही पट्टी केवढी दिसते ते मोजलं, की कोणत्या काळात प्रसरण किती वेगानं झालं याचा हिशेब लागतो.

ॲरिझोनातल्या किट पीकवर चार मीटर आरशाची दुर्बीण आहे. तिला ‘डेसी’ नावाचं उपकरण जोडलंय. त्यात ५,००० प्रकाशतंतू, आणि प्रत्येक तंतू एकेका दीर्घिकेच्या प्रतिमेवर नेमका नेऊन ठेवायला एकेक चिमुकला यंत्रमानव. तीन वर्षांत त्यांनी जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वासार (अतिदूरच्या, फार तेजस्वी दीर्घिकांची केंद्रं) मोजले आणि १९ मार्च २०२५ रोजी निष्कर्ष मांडला. विश्वाचं प्रसरण ज्या कृष्ण ऊर्जेमुळे वाढत्या वेगानं होतंय, ती ऊर्जा पूर्वीपेक्षा क्षीण होत चालली असावी.

‘असावी’ हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. आइन्स्टाइननं १९१७ मध्ये आपल्या समीकरणात एक स्थिरांक घातला होता. आज कृष्ण ऊर्जेचा सगळ्यात साधा हिशेब त्या स्थिरांकानंच मांडतात. डेसीचं म्हणणं टिकलं, तर तो स्थिरांक स्थिर नाही एवढंच ठरेल. मुळातला सापेक्षतेचा सिद्धांत त्यानं कोसळत नाही, कारण हा सगळा हिशेबच त्या सिद्धांतावर उभा आहे. शिवाय हे म्हणणं अजून टिकायचं आहे. सोबत दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांची कोणती मोजमापं धरता, त्यावर खात्री २.८ ते ४.२ सिग्मा अशी कमी-जास्त होते. सिग्मा हे खात्रीचं माप, जितके जास्त तितकी योगायोगाची शक्यता कमी. ‘शोध लागला’ म्हणायला भौतिकशास्त्रात ५ सिग्मा लागतात, म्हणजे ३५ लाखांत एखाद्या वेळीच निव्वळ योगायोगानं असं दिसावं. डेसीच्या लोकांनी स्वतः तो शब्द वापरला नाही. तीन ओतिवांत एकाच जागी ब्लो होल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, दिसलं म्हणून आम्ही पॅटर्न मोडत नसू, पण चौथं निघालं की आधी नजर तिथे जायची. सध्या जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तसेच त्या एका जागेकडे बघत उभे आहेत. बातमी खरी ही होती, आणि ती आपल्या वाचकाला नक्की कळली असती.

कळली असती हे मी अंदाजानं म्हणत नाही. या मे महिन्याच्या सुट्टीत मी एक गोष्ट करून बघितली. गणितात ‘आइन्स्टाइन’ नावाचा एक प्रश्न आहे. त्या शास्त्रज्ञाशी त्याचा संबंध नाही, जर्मनमध्ये त्या अक्षरांचा अर्थ ‘एक दगड’. एकाच आकाराच्या फरशीनं सगळी जमीन फट न ठेवता भरायची, पण नक्षी मात्र ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येता कामा नये. अशी एकटी फरशी असू शकते का? १९६६ मध्ये गणिती रॉबर्ट बर्गरनं वीस हजारांवर प्रकारच्या फरशा घेऊन हे जमवलं. पुढे इंग्लंडचे गणिती रॉजर पेनरोज यांनी सत्तरच्या दशकात संख्या दोनवर आणली. तिथून एकवर यायला पन्नास वर्षं लागली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या डेव्हिड स्मिथ यांना ती सापडली. ते छपाईच्या कामातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, आकारांशी खेळण्याचा नाद असलेले. कागदाचे तुकडे कापून जुळवताना त्यांना शंका आली, मग तीन अभ्यासकांच्या सोबतीनं सिद्धता २०२३ च्या मार्चमध्ये मांडली. तेरा बाजूंचा आकार, टोपीसारखा दिसतो, म्हणून नावही टोपी.

हे वाचून मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. षटकोनांची जाळी आखायची, प्रत्येक षटकोनात समोरासमोरच्या बाजूंचे मध्य जोडून पतंगाच्या आकाराचे सहा चौकोन पाडायचे आणि शेजारशेजारचे आठ पतंग मिळून टोपी. बाजूंना मापं दोनच, मी ३० आणि ५२ मिलिमीटर धरली. एक बाजू तेवढी आखूड मापाच्या दुप्पट. ओळखीच्या फर्निचरवाल्याकडून सनमायका लावलेल्या प्लायचे तुकडे आणले. करवतीच्या पात्यात जाणाऱ्या लाकडाचा हिशेब धरून टेम्प्लेट केलं, कारण एका फरशीत अर्धा मिलिमीटर चुकला की दहाव्या फरशीला सगळं तटतं.

नात आठवीत आहे. ती आणि गल्लीतली पाच-सहा पोरं सोप्यात मांडायला बसली. तासाभरात ती म्हणाली, “आजोबा, ही एक उलटी घातल्याशिवाय बसतच नाही.” बरोबर होतं. एका बाजूला हिरवा सनमायका, दुसरीकडे कोरं लाकूड, त्यामुळे हिरव्या जमिनीत उलट्या फरशा तपकिरी ठिपक्यांसारख्या उठून दिसत होत्या. एकूण १४० मांडल्या, त्यांत उलट्या १८. मी त्यांना मग सांगितलं, की फरशी कितीही पसरा, आठांत जवळजवळ एक उलटी येते, आणि सुलट्या-उलट्यांचं नेमकं प्रमाण ६.८५ ला एक, सुवर्ण गुणोत्तराचा (सुमारे १.६१८) चौथा घात. घात म्हणजे काय ते त्यांना शाळेत झालं होतं, सुवर्ण गुणोत्तर मी शिकवलं. उलटी न घालता भरेल अशी फरशी त्याच चौघांनी त्याच वर्षी मे महिन्यात दिली, हे ऐकल्यावर पोरं ती कधी करायची म्हणून मागे लागली. शुद्ध गणित सामान्य माणसाला झेपत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या दुपारी सोप्यात येऊन बघायला हवं होतं.

आता अंबाबाईच्या किरणोत्सवाबद्दल, म्हणजे मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात देवीच्या मूर्तीपर्यंत येतात त्या दिवसांबद्दल. नोव्हेंबरचा नुकताच झाला. किरणं आज चरणांपर्यंत आली, कमरेपर्यंत आली, की कुठल्या इमारतीनं अडवली, हे आपण दरवर्षी तपशिलात देता आणि अख्खं कोल्हापूर ते वाचतं. पण ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी हेच दिवस का, हे मात्र त्यात क्वचितच असतं. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. त्याच्या ४१-४२ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला सारख्याच, सुमारे १७ अंशांवर असतो आणि क्षितिजावर त्याच जागी मावळतो. देवळाच्या वास्तूत हा हिशेब कोरून ठेवणारं आपलं गाव. दोन ओळी जादा छापल्या तर अंबाबाईच्या भक्ताला त्या जड होणार नाहीत, उलट हात जोडताना तो त्या शेजाऱ्याला सांगेल.

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी याच गावात जन्मले आणि २० मे २०२५ रोजी गेले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकरही इथलेच. बनारसला त्यांनी सापेक्षतेचा अभ्यास रुजवला, प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याचं गुरुत्व कसं असेल, याचं आइन्स्टाइनच्या समीकरणांतून गणिती पी. सी. वैद्यांनी काढलेलं उत्तर त्याच परंपरेत १९४३ मध्ये तयार झालं. आपण श्रद्धांजलीचा मजकूर मोठा दिलात, त्याबद्दल आभार. पण त्यात ‘थोर’ हा शब्द सात वेळा होता आणि नारळीकरांचं म्हणणं काय होतं ते एकदाही नव्हतं. विश्वाची सुरुवात एका महास्फोटातून झाली, या सिद्धांताला त्यांनी आयुष्यभर प्रश्न विचारले. बहुसंख्य शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला असतानाही ते पुरावा मागत राहिले, आणि हे सगळं सोप्या मराठीत लिहीत राहिले. त्यांच्या जन्मगावच्या वाचकाला हा वाद समजून घ्यायचा अधिकार आहे.

तेव्हा विनंती अशी. आठवड्यातून एकदा अर्धा रकाना द्या. प्रश्न काय होता, मोजलं किंवा सिद्ध केलं ते कसं, खात्री किती, आणि कोणाला अजून पटलेलं नाही, एवढं त्यात यावं. लिहिणारी माणसं विद्यापीठात आणि महाविद्यालयांत आहेत, कोणी मागितलं तर देतील. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटर लांब भुजांची गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, वेधशाळा उभी राहायची आहे, केंद्रानं २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर केलेत. ती सुरू होईल तेव्हा आपला वाचक तयार असायला हवा. आणि जिथे निकाल लागलेला नाही तिथे ‘अजून ठरायचं आहे’ हे मथळ्यातच मोठ्या टायपात येऊ दे.

सोबत टोपीचा आराखडा पाठवतोय, बालपुरवणीत घेता आला तर पाहावं. जागेप्रमाणे लहान-मोठा केला तरी हरकत नाही. फक्त रकान्यात बसवायला म्हणून एकाच बाजूनं ताणू नये, ताणला की फरशा जुळत नाहीत.

आपला,
एक जुना वाचक
उद्यमनगर, कोल्हापूर