पेटीतली वाळू, व्हिनेगर आणि जुनी पेनी : एका आजींना अनावृत आभारपत्र

ती. स्व. आजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे आणि तुम्हाला मराठी येत नाही. पुढच्या खेपेला चहा घेताना इंग्रजीत सांगूच. मराठीत लिहायचं कारण एवढंच की ब्रिटनमधल्या केअर होम्समध्ये काम करणारी आपली माणसं आता बरीच आहेत, आणि तुम्ही आम्हाला शिकवलंत ते त्यांच्याही हाती पडावं. नव्वदीच्या आजोबांना अंघोळ घालणं, गोळ्या वेळेवर देणं हे प्रशिक्षणात येतं. पण आजोबा 'स्केगी' म्हणाले की त्यांना स्केग्नेसचा किनारा दिसतोय, हे कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत.

आमच्या केअर होममध्ये तुम्ही आठवणींची पेटी घेऊन आलात. आत पत्र्याची बादली, जुनी पेनीची नाणी, डेकचेअरच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या घडीच्या खुर्चीच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा हातभर तुकडा, कॅलमाइन लोशनची बाटली, रॉक नावाच्या कडक मिठाईची कांडी आणि एका डब्यात वाळू. आणि पेटी उघडण्याआधी तुम्ही एक नियम घालून दिलात: 'तुम्हाला आठवतं का?' असं कधीही विचारायचं नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि 'नाही' म्हणून तो गप्प होतो. त्यापेक्षा वस्तू हातात द्यायची, आपण थांबायचं, आणि मग विचारायचं ते असं की ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही. हा नियम आम्ही पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवून ठेवला आहे.

त्याहून मोठा धडा म्हणजे 'तुम्ही सुट्टीत समुद्रावर जायचात का?' हा प्रश्नच कच्चा आहे. माणूस कुठल्या गावचा, ते आधी बघायचं. लँकशायरच्या सूतगिरण्यांच्या गावांत 'वेक्स वीक' असे. ठरलेल्या आठवड्यात गिरण्या बंद, बॉयलर थंड, दुकानंसुद्धा बंद, आणि अख्खं गाव गाडीत बसून ब्लॅकपूलला. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा; ओल्डमचा ऑगस्टच्या अखेरीस येई. म्हणून ब्लॅकपूलच्या वाळूवर शेजारी बसलेला माणूस बहुतेक आपल्याच गल्लीतला निघे. ग्लासगोच्या माणसाला जुलैतली 'ग्लासगो फेअर' विचारायची. तो बोटीने क्लाइड नदीतून रॉथसेला गेलेला असतो. लेस्टरचा स्केग्नेसला, बर्मिंगहॅमचा वेस्टन-सुपर-मेअरला, पूर्व लंडनचा साउथएंडला किंवा मार्गेटला, आणि दक्षिण वेल्सच्या खाणींतला पोर्थकॉलला. गाव कळलं की किनारा साधारण कळतो. गिरणगावातल्या चाकरमान्यांचा शिमग्या-गणपतीला कोकणात जाण्याचा रिवाज ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. फरक इतकाच की आपले लोक घरी जात, हे लोक घर सोडून जात.

पैशाचीही गोष्ट तुम्ही नीट सांगितलीत. पगारी सुट्टीचा कायदा 1938 चा. त्याआधी बहुतेकांना सुट्टीच्या आठवड्याचा पगार नसे, म्हणून वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे सुट्टीच्या भिशीत टाकायचे. भिशी फुटली की प्रवास.

मग वयाचं गणित. आम्ही सुरुवातीला सगळ्यांना एकच चित्र दाखवत होतो: वाळू, बादली, हसरी मुलं. तुम्ही कागदावर जन्मसाल लिहायला लावलंत. 1934 साली दक्षिण किंवा पूर्व किनाऱ्याजवळ जन्मलेल्या मुलाला 1940 पासून किनारा बंद होता. काटेरी तारा, रणगाडे अडवायचे काँक्रीटचे ठोकळे, वाळूत सुरुंग. शत्रूला उतरता येऊ नये म्हणून काही पिअर, म्हणजे समुद्रात आत गेलेले फिरायचे लांब धक्के, मधोमध तोडलेले. अशा माणसाला 'लहानपणीचा समुद्र' विचारला तर हाती काय लागणार? त्याला विचारायचं, किनारा पुन्हा उघडला तेव्हाचं. ब्लॅकपूल मात्र पश्चिमेला, त्यामुळे युद्धातही गजबजलेलं. तसंच गोळ्या-चॉकलेटचं. मिठाईचं रेशन 5 फेब्रुवारी 1953 ला कायमचं उठलं. त्या दिवशी जे शाळेत होते, त्यांना काचेच्या बरणीतून पाव पौंड, म्हणजे सुमारे 113 ग्रॅम, गोळ्या तोलून घेण्याची किंमत वेगळी कळते.

बोर्डिंग हाऊसबद्दल तुम्ही बोललात तेव्हा आम्हाला खाणावळीच्या मावशी दिसल्या. ब्लॅकपूलची जुनी पद्धत अशी: पाहुण्याने खोलीचं भाडं द्यायचं, बाजारातून चॉप, बटाटे, अंडी आपली आपण आणायची, आणि घरमालकीण ती रांधून देणार. आठ कुटुंबांचं आठ तऱ्हेचं जेवण एका शेगडीवर, आणि कुणाचा बटाटा कुणाच्या ताटात जाता कामा नये! मीठ-मिरीच्या भांड्याच्या वापराचे पैसे बिलात वेगळे लावत. नाश्ता झाला की बाहेर पडायचं, ते जेवणाच्या घंटेपर्यंत परत यायचं नाही, मग पाऊस का पडेना. घरमालकिणी खाष्ट असत ही थट्टा आजही चालते. आम्हाला मात्र ती थोडी अन्यायाची वाटते. पाहुणे बाहेर असताना सगळ्या खोल्या झाडायच्या, वाळू काढायची, चादरी बदलायच्या, आणि वर्षाची कमाई उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत करायची, तर नियम हवेतच. पावसात बाहेर काढलेली कुटुंबं किनाऱ्यावरच्या छपरात ओल्या कोटांनिशी बसून राहत. ऊन आठवत नसलेल्यांनाही ही छपरं आठवतात, असं तुम्ही म्हणालात, आणि ते आम्हाला रोज पटतं.

आता रॉक. ही कांडी आमच्यातल्या कुणी आधी नुसती रंगीत साखर समजलं होतं. साखर आणि ग्लुकोजचा पाक साधारण 146 अंश सेल्सिअसपर्यंत कडक करतात, थंड मेजावर ओततात. एक भाग ओढून ओढून त्यात हवा भरतात. त्याने तो पांढरा आणि हलका होतो, तोच आतला गाभा. अक्षरं रंगीत पाकाच्या लांब पट्ट्यांची, मध्ये पांढऱ्या पट्ट्या भरून हाताने रचलेली. गंमत अशी की अक्षरं शब्दाच्या क्रमाने करतच नाहीत. 'बी', 'ई', 'एफ', 'के' अशी चौकोनी अक्षरं आधी, कारण ती आकार धरून राहतात. 'ओ', 'सी' अशी गोल अक्षरं शेवटी, कारण पाक मऊ असताना ती आपल्याच वजनाने बसतात. मग सगळं गाभ्याभोवती रचून वर रंगीत कवच, आणि माणसाच्या मांडीहून जाड झालेला तो ओंडका सतत फिरवत ओढून बोटाएवढा बारीक करायचा. फिरवणं थांबलं की अक्षरं एका बाजूला ओघळतात. म्हणून ब्लॅकपूलचं नाव कांडी कुठेही मोडली तरी वाचता येतं.

पण रॉक खायला द्यायचा नाही, हेही तुम्हीच बजावलंत. कवळी निघते, तुकडा घशात अडकतो, मधुमेह वेगळाच. कागदात बांधलेली कांडी हातात द्यायची आणि पेपरमिंटचा वास दुसऱ्या डबीतून.

वासांची यादी तुम्ही लहानच ठेवलीत, ते बरं झालं. माल्ट व्हिनेगरचे चार थेंब कापसावर टाकून घट्ट झाकणाच्या बाटलीत. तेवढ्यावर वर्तमानपत्रात बांधलेले चिप्स आणि गार वारा सगळं येतं. कॅलमाइन म्हणजे उन्हाने भाजलेले खांदे आणि रात्री चादर टोचणं. वास एका वेळी एकच. दोन बाटल्या लागोपाठ उघडल्या की दोन्ही वाया जातात.

पेनीच्या नाण्यांपाशी आम्हाला तुम्हाला काही शिकवता आलं, याचा थोडा अभिमान आहे. 15 फेब्रुवारी 1971 पर्यंत 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाला 240 पेन्स. आमच्या आजोबांच्या पिढीला रुपया-आणा-पैचा हिशेब 1957 पर्यंत तोंडपाठ होता, त्यामुळे दशमान पद्धत आली तेव्हा दुकानदार आपल्याला फसवतोय ही शंका दोन्हीकडे सारखीच. जुनी पेनी जवळपास 31 मिलिमीटरची, तांबूस, जड. लहान मुलाच्या तळहातात ती मोठीच वाटायची. पिअरवरच्या करमणुकीच्या यंत्रांत तीच टाकायची. व्हिक्टोरिया राणीचा झिजलेला चेहरा 1971 पर्यंत चलनात होता. बोटाने चाचपून राणी ओळखणारे आजोबा आमच्याकडे आहेत. नाणी किमान सहा हवीत. एक दिलं तर लोक ते बघून परत देतात, सहा दिली तर मोजायला लागतात.

वाळूचं प्रमाण मात्र काटेकोर ठेवायचं. आठ मग कोरडी वाळू, एक मग पाणी. बोर्नमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी वाळूच्या किल्ल्यासाठी हेच प्रमाण सांगितलं आहे. कणांमधली पाण्याची पातळ साय त्यांना धरून ठेवते. पाणी जास्त झालं की कण सुटतात आणि किल्ला बसतो, कमी झालं की बादली उचलताच ढासळतो. बांधकामाची वाळू घेऊ नये, हाताला पिवळा रंग लागतो. मुलांच्या खेळाची धुतलेली घ्यावी. ट्रे मांडीच्या उंचीला. म्हाताऱ्या हातांची कातडी कागदासारखी असते, म्हणून घासायचं नाही. कोमट पाण्यात हात बुडवून बोटांच्या बेचक्या हलकेच टिपायच्या. जखम किंवा पट्टी असलेल्या हाताला वाळू नाही.

भरती-ओहोटीबद्दल आमच्यातल्या रत्नागिरीकरांना वाटलं, हे तर आपलंच. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, भांग अष्टमीच्या आसपास, वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे. पण मुंबईची मोठी भरती पाच मीटरच्या आसपास, आणि ब्रिस्टल खाडीत पाणी चौदा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. म्हणून वेस्टनला ओहोटीच्या वेळी समुद्र दिसतच नाही, दिसतो तो मैलभर चिखल, आणि त्यात पाय रुततो. वेस्टनला गेलेली माणसं 'समुद्र कुठे होता?' यावर हसतात. पूर्व किनाऱ्यावरच्या स्कारबरोला पाणी इतकं मागे हटत नाही, म्हणून तिथे गेलेल्यांना तो विनोद कळत नाही.

काही गोष्टी फसल्या, त्याही सांगायला हव्यात. पूर्ण डेकचेअर आणू नये. बसताना खोल जाते, उठता येत नाही, आणि खाचेत बोट चिरडतं. कापडाचा तुकडा पुरतो. पंच आणि ज्यूडीच्या बाहुल्यांच्या खेळाचा आवाज ध्वनिमुद्रित करून लावू नये. पंचचा तो चिरका आवाज तोंडात धरलेल्या 'स्वॉझल' नावाच्या छोट्या पिपाणीतून येतो आणि श्रवणयंत्रातून तो कानात सुरीसारखा जातो. बाहुली हातात दिली तर चालतं. लोकरीचा विणलेला पोहण्याचा पोशाख मात्र हमखास यशस्वी: पाण्यात भिजून तो गुडघ्यापर्यंत लोंबायचा, हे आम्हाला सांगावं लागत नाही.

आणि जे समुद्रावर गेलेच नाहीत, त्यांच्यासाठी तुम्ही पेटीत वेगळा कप्पा केलात. खेड्यातल्या मुलांना संडे स्कूलची वर्षातली एकच सहल असे, एका दिवसाची. पूर्व लंडनच्या कितीतरी कुटुंबांची सुट्टी म्हणजे ऑगस्ट अखेरपासून केंट परगण्यात हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांची, तोडणी, आई-मुलं झोपडीत आणि वडील शनिवार-रविवारी येणार. वाळवलेल्या हॉप्सची पुरचुंडी उघडली की आमच्याकडच्या एक आजी दरवेळी बाही वर करतात. त्याच कप्प्यात कॉन्कर, म्हणजे हॉर्स चेस्टनटचं बी, भोक पाडून दोरीत ओवलेलं. ते खायच्या चेस्टनटसारखं दिसतं पण विषारी आहे, तोंडात जाऊ नये म्हणून सत्र संपेपर्यंत दोरीचं टोक आपल्या हातात.

तुमचे मनापासून आभार. आमच्याकडच्या अनेक आजी-आजोबांशी आम्ही आता हवा-पाण्यापलीकडे बोलू शकतो, ते तुमच्यामुळे.

आपले नम्र,
पेटी सांभाळणारे सर्वजण

ता. क. : किनाऱ्यावर मुलांना पाठीवर फिरवणाऱ्या गाढवांबद्दल लिहायचं राहिलं. ब्लॅकपूलच्या गाढवांना शुक्रवारी सुट्टी असते, हे तुम्ही सांगितल्यापासून आम्ही गाढवाचं चित्र शुक्रवारी पेटीतून काढून ठेवतो आणि कुणी ना कुणी ते कुठे गेलं म्हणून विचारतंच. गाढवाच्या कपाळपट्टीवर त्याचं नाव लिहिलेलं असे. तेवढी एक पट्टी मिळाली तर पुढच्या वेळी आणा, नाव आम्ही इथल्या मंडळींना विचारून लिहू.