टायरचा साईज सेम म्हणजे टायर सेम नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात सारख्या बातम्या येतात, पिकअपचा टायर फुटला, गाडी पलटी झाली, ड्रायव्हर गेला. कारण म्हणून 'टायर फुटल्याने' एवढंच छापून येतं, पण कुठला टायर होता, तो त्या गाडीला चालणारा होता का, हे कोणी विचारतच नाही. आमच्या नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोच्या सीझनला रात्रभर पिकअप पळत असतात, त्यामुळे हा विषय आमच्या जिवाचा आहे म्हणून लिहितोय.

दुकानात गेलं की टायरवाला विचारतो, पंधराची डिस्क ना, २१५/७५ आर १५ ना, मग हा घ्या, स्वस्तात आहे. आता या आकड्यांत २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिम किती इंची. यातून टायर डिस्कवर बसेल का एवढंच कळतं, वजन किती झेलेल ते यात कुठेच नाही! ते पुढच्या बारीक आकड्यात असतं आणि तिथपर्यंत कोणी वाचतच नाही. याच साईजचा जीपचा टायर येतो त्यावर १०० एस लिहिलेलं असतं, एस हे स्पीडचं अक्षर आणि १०० हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ८०० किलो. आणि याच साईजचा एलटी, म्हणजे लाईट ट्रकचा ८ पीआर (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या ताकदीची मोजणी) टायर घेतला तर त्यावर १०६/१०३ असतं, १०६ म्हणजे ९५० किलो. एका टायरमागे १५० किलोचा फरक, मागच्या दोन चाकांचा मिळून ३०० किलो, आणि पिकअपचा सगळा लोड मागेच असतो. अमेरिकेत तर जीप-कारचा टायर लाईट ट्रकला लावला तर त्याची क्षमता १.१० ने भागून धरतात, म्हणजे ८०० चे ७२७ च किलो उरतात.

१०६/१०३ मधला दुसरा आकडा मागे डबल चाकं असतात त्यांच्यासाठी. जोडीत दोन्ही टायरवर लोड कधीच सारखा पडत नाही आणि आतला टायर जास्त तापतो, म्हणून जोडीतल्या टायरला कमी धरतात, १०३ म्हणजे ८७५ किलो.

पीआरबद्दल पण लोकांचा गैरसमज आहे. ८ पीआर म्हणजे आत ८ थर असतात असं नाही, ती सुती धाग्याच्या जमान्यातली मोजणी आहे, आता धागा मजबूत आलाय त्यामुळे थर कमी असून पण ८ पीआरची ताकद मिळते. पण ही ताकद हवेवर आहे हो! जीपच्या टायरला जास्तीत जास्त लोडला ३५ च्या आसपास हवा लागते, वर सांगितलेल्या एलटीला पूर्ण लोडसाठी ६५, आणि बरेच जण गाडी उडते म्हणून एलटीत पण ४० च ठेवतात. मग बाजू वाकत राहते, आतून तापत राहते, वरून मे महिन्यातला रस्ता, आणि भर घाटात टायर जातो. काही जण तर पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवून घेतात आणि समजतात गाडीची ताकद वाढली, पाट्याने हौदा खाली बसत नाही फक्त, टायर तेवढाच राहतो.

छोटा हत्तीवाल्यांचा साईज १४५ आर १२ एलटी ८ पीआर असा असतो, त्यात टक्केवारी दिसत नाही, टाटा ४०७ ट्रकच्या ७.५०-१६ मध्ये तर रुंदी पण इंचात आहे. पद्धती वेगवेगळ्या आहेत म्हणून 'याच्या जागी हा चालतो' म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, लोड इंडेक्स बघायचा. उंची पण बघायची, २१५/७५ च्या जागी २३५/७५ टाकला तर व्यास ७०३ मिमीचा ७३३ होतो, मीटर ६० दाखवतं तेव्हा गाडी साधारण साडेबासष्टने चाललेली असते.

माझं म्हणणं असं की टायरच्या बिलावर साईजसोबत लोड इंडेक्स आणि पीआर लिहायची सक्ती करा. मालवाहू गाडीच्या आरसीच्या फॉर्ममध्ये प्रत्येक एक्सलचं वजन आणि टायरचा साईज नोंदायची जागा आहेच, मग पासिंगला गाडी गेली की साहेबांनी लोड इंडेक्स वाचून त्या वजनाशी का जुळवू नये? दोन मिनिटांचं काम आहे.

आणि तुम्ही एक करा, बाजारभावाच्या पानावर कोपऱ्यात एवढा तक्ता छापा: ९० म्हणजे ६०० किलो, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००, १०५ म्हणजे ९२५, ११० म्हणजे १०६०, ११५ म्हणजे १२१५, १२० म्हणजे १४००. ते पान आमच्याकडे प्रत्येक ड्रायव्हर वाचतो.

आपला,
एक पिकअपमालक, नारायणगाव